बसऱ्याचा पितर

कुशाबाईंनी पाहुण्याच्या पायांवर पाणी घातलं, पाय पुसले, कपाळाला गंध लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि त्याला ओटीवरच्या पाटावर बसवूनही टाकलं. या सगळ्या घाईत त्याचं नाव विचारायचं तेवढं राहून गेलं.

तसं नाव विचारायचं कारणही नव्हतं. भाद्रपदातल्या चौदसीला, शस्त्रानं गेलेल्यांच्या तिथीला, या घरी दरसाल भागूजी राणोजींचं पितर जेवायला बसतं. भागूजी म्हणजे कुशाबाईंच्या नवऱ्याचे, गेनूबाबांचे, आजोबा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीतून ते इराकातल्या बसऱ्याला गेले आणि तिकडच्याच मातीत राहिले. त्यांच्या नावानं पानावर बसायचा मान वरच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्याचा. यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यानं निरोप धाडला, की माझ्या जागी चिखलीहून माझा मेव्हणा येईल. या मेव्हण्याला निघोजे गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे भर दुपारी दारात गाडी थांबली, पिकल्या मिशांचा एक उंचापुरा म्हातारा हात जोडून उतरला आणि ‘नमस्कार, उशीर झाला का?’ म्हणाला, तेव्हा कुशाबाईंनी सरळ तांब्या उचलला. रीतीनं पाय धुवायचे ते यजमानानं. पण गेनूबाबा परसात पत्र्यावर कावळ्याचा घास ठेवत होते, आणि कुणाची वाट बघत बसणं कुशाबाईंच्या स्वभावात नव्हतं.

“लई लांबनं आलात का?” पाय पुसता पुसता त्यांनी विचारलं होतं.

“हो बाई. फार लांबून.”

“चाकणच्या चौकात घावला आसाल.”

“एक तास अडकलो.”

“मंग लांबच की ते.”

पाहुणा हसला. “पाहुण्याचे पाय धुतात हे मला माहीत नव्हतं. विमलबाईंनी कधी सांगितलं नाही.”

विमलबाई कोण हे कुशाबाईंना कळलं नाही. मेव्हण्याची बायको असेल, असं धरून त्या पुढं बोलल्या. “घर कुठंशी म्हनायचं?”

“बसऱ्याला. बसऱ्याहून आलो.”

कुशाबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आजवर एकाही पितरानं पाटावर बसून असं बोलून दाखवलं नव्हतं. तो वरच्या वस्तीतला म्हातारा तर बसल्या बसल्या आधी वडा मागायचा. हा मेव्हणा मात्र मनापासून पितर झाला होता. कुशाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, “आजेसासरं, संबाळून घ्या लेकरांस्नी,” असं म्हणत वाकून नमस्कार केला आणि डोळे पुसतच त्या खीर बघायला आत गेल्या.

*

गेनूबाबांची नात सृष्टी घरी पोचली ती घामाघूम होऊन. बसऱ्याच्या विद्यापीठातून निवृत्त झालेले प्राध्यापक कामिल जवाद पुण्यात एका परिषदेसाठी आले होते, आणि तीन वर्षं संगणकाच्या पडद्यावर ज्यांच्याशी बोलत तिनं पीएचडीचं काम ओढत आणलं, ते सर आज प्रत्यक्ष घरी येणार होते. आजीला मात्र तिनं पुण्याहून आपले सर येणार एवढंच सांगितलं होतं. त्यांना घ्यायला ती चाकणच्या चौकात जाऊन उभी राहिली. ते चौकाअलीकडच्या गर्दीत तासभर अडकून शेवटी आतल्या रस्त्यानं परस्पर घरी पोचले. ती स्कूटर लावून ओटीवर चढली आणि तिनं पाहिलं, तर सर झेंडूची माळ घालून पितराच्या पाटावर मांडी घालून बसलेले, आणि समोरच्या भिंतीवरचा फ्लेक्स लक्ष देऊन वाचत होते.

फ्लेक्सवर हातभर अक्षरं होती: ‘बसरा जिंकणारे शूर वीर कै. भागूजी राणोजी’. खाली मिशीवाल्या सैनिकाचं चित्र, कुठल्या तरी वेबसाइटवरून उचललेलं.

तिचे वडील, ज्ञानेश, त्या फ्लेक्सवर टॉवेल वाळत घालायचा प्रयत्न करत होते. टॉवेल लहान होता. तो ‘शूर वीर’वर धरला की ‘बसरा जिंकणारे’ उघडं पडत होतं.

“पप्पा, राहू द्या,” सृष्टी कळवळून म्हणाली. “सरांना मराठी वाचता येतं.”

“वाचता येतं?” ज्ञानेशचा हात टॉवेलसकट खाली आला.

“पुण्यात शिकलो ना मी, तरुणपणी,” पाटावरून उत्तर आलं. “सदाशिव पेठेत खोली होती. घरमालकीण विमलबाई. किराणा आणायला मला पाठवायच्या आणि दुकानांच्या पाट्या वाचून दाखव म्हणायच्या. चुकलं की परत पाठवायच्या.”

हा फ्लेक्स रणजीतनं लावला होता. रणजीत म्हणजे गेनूबाबांचा पुतण्या, कंपन्यांना कामगार पुरवणारा, पंचायतीच्या निवडणुकीकडे डोळा लावून बसलेला. गावाची पडलेली वेस पुन्हा बांधायची, तिथं नवी कमान उभी करायची आणि कमानीला भागूजींचं नाव द्यायचं, हे त्यानंच पुढाऱ्यांच्या, म्हणजे दिग्विजयभाऊंच्या, गळी उतरवलं होतं. परवा घटस्थापनेला काम सुरू व्हायचं होतं. कोनशिलेचा दगड राजगुरुनगरच्या पाथरवटाकडे तयार होता. त्यावर काय कोरायचं ते आज संध्याकाळच्या आत त्याला कळवायचं होतं, आणि त्यासाठीच आज सगळे एकत्र आले होते.

मजकुरावरून घरात आठ दिवस धुसफूस चालली होती. ‘बसरा जिंकणारे’ हे शब्द सृष्टीला नको होते. बसरा इंग्रजांनी घेतला, आपल्या माणसांना पगार देऊन पुढं केलं, ते काय जिंकणं झालं, असं ती बोलून गेली होती. गेनूबाबांनी हातातलं ताट तसंच सरकवलं होतं. “शिकलीस म्हून माज्या आज्याला भाडोत्री म्हनतीस व्हय गं?” एवढंच ते म्हणाले आणि तेव्हापासून आजोबा आणि नात यांचं बोलणं बंद होतं. लहानपणी याच आजोबांच्या खांद्यावर बसून ती शेतात जायची. शेतं कंपन्यांच्या कुंपणात गेली, खांदे उतरले, पण असा अबोला त्यांच्यात कधी झाला नव्हता. तो तिला फार लागला होता.

आता तिनं सरांकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं, आणि हळू आवाजात काय घोटाळा झालाय ते त्यांना समजावून सांगितलं. पितर म्हणजे काय, पाट कुणाचा, पाय का धुतले, सगळं.

कामिल सरांनी ते ऐकून घेतलं. मग त्यांनी कपाळावरच्या गंधाला बोट लावून पाहिलं.

“अगं बाई,” ते अगदी विमलबाईंच्या सुरात म्हणाले. “म्हणजे मी आत्ता पितर आहे?” आणि उठायला म्हणून त्यांनी जमिनीला हात टेकला. “मी उठतो. हे बरोबर नाही. मला माहीत असतं तर मी बसलोच नसतो.”

*

ओटीच्या कडेला उभ्या असलेल्या रणजीतला तेच हवं होतं. तो काकीला गाठायला सैपाकघरात गेला. तिथं कुशाबाई वडे तळत होत्या आणि भावकीतल्या छबूबाई कढीला फोडणी देत होत्या.

“काकी, ते बाहेर बसलेलं पितर मेव्हणा न्हाई. मेव्हण्याचा आत्ता फोन आला, तो ट्रॅफिक बघून अर्ध्यातनं माघारी गेला. ते इराकचे प्रोफेसर हायेत. मुसलमान हायेत, काकी.”

छबूबाईंच्या हातातला डाव कढईवर आपटला. “आता गं बया! मंग आता?”

कुशाबाईंनी वडा उलटला. त्यांना आधी वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपण आजेसासरे म्हणून नमस्कार केला आणि तो गृहस्थ आपला खरोखरच बसऱ्याचा निघाला, याचं. पण वडा तळून होईपर्यंत त्यांचा विचारही तळून झाला.

“पानी म्या घातलं. गंध म्या लावलं,” त्या म्हणाल्या. “आता पितर हाय त्यो. पाटावर बसलेल्या पितराला उटवायची रीत न्हाई आपल्यात.”

“अगं पण काकी, लोक काय म्हणतील? दिग्विजयभाऊंच्या कानावर गेलं तर?”

“भाऊंना बी वाढीन की. ये म्हनावं.”

रणजीत वाईट माणूस नव्हता, हे या घरातल्या कुणालाही विचारलं तरी सांगेल. काकानं बापाच्या माघारी त्याला वाढवलं, आणि त्या काकाचा एक जुना सल त्याला ठाऊक होता. गेनूबाबा शाळेत असताना मास्तर मुलांना घेऊन खेडला, म्हणजे आताच्या राजगुरुनगरला, हुतात्म्याचा वाडा दाखवायला गेले होते. आपल्या तालुक्यानं देशासाठी पोरगा दिला, असं मास्तर सांगत होते. तेवढ्यात मागून कुणी तरी ओरडलं, गेन्याच्या आज्यानं इंग्रजासाठी जीव दिला. सगळी पोरं हसली. दहा वर्षांच्या गेनूला तेव्हा तोंड लपवायला जागा मिळाली नाही, आणि सत्तरी उलटली तरी ते हसू त्यांच्या कानातून गेलं नव्हतं. ‘बसरा जिंकणारे’ हे शब्द रणजीतनं मतांसाठी लिहिले होतेच, पण थोडे काकासाठीही लिहिले होते.

तो परत ओटीवर आला, तर परसातून आलेले गेनूबाबा पितरासमोर उभे होते. ज्ञानेशचं त्यांना सगळं सांगून झालं होतं. पाहुणा अर्धा उठलेला, एक हात जमिनीवर, आणि सगळी ओटी गेनूबाबांच्या तोंडाकडे बघत होती.

“बसा,” गेनूबाबा म्हणाले.

“बाबा, मी दुसरीकडे बसून जेवतो. मला जेवायचं आहे, नक्की जेवायचं आहे. पण या पाटावर तुमच्या—”

“बसा म्हनतो ना. उटायचं न्हाई.” गेनूबाबा समोर खाली टेकले. मग रणजीतकडे मान वळवून म्हणाले, “माजा आजा तिकडं मेला. त्याला मूठमाती कुनी दिली आसंल? निघोज्यातनं कुनी गेलं व्हतं का? आपली भावकी गेली व्हती? ज्यांच्या गावावर ह्यो बंदूक घिऊन चालून गेला, त्यांच्यातलाच कुनी तरी खड्डा खनाया आला आसंल. मंग त्या गावचा मानूस आज पानावर बसला तर कुनाच्या बापाचं काय जातंय?”

रणजीतनं पाण्याचे तांबे भरायला घेतले.

*

पान वाढलं गेलं. खीर, उडदाचे वडे, कढी, भोपळ्याची भाजी, गवार, आमसुलाची चटणी. कामिल सरांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. कुशाबाई दारात उभं राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. जेवणाऱ्यानं डोळे मिटले की त्यांना प्रमाणपत्र मिळाल्यासारखं वाटे.

गेनूबाबांनी फ्लेक्सकडे बोट केलं.

“वाचलं म्हनं तुमी.”

“वाचलं.”

“राग आला?”

सर हात थांबवून विचार करू लागले. सृष्टीला त्यांची ही सवय माहीत होती. कुठल्याही प्रश्नाचं तयार उत्तर ते देत नसत. तिच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यांनी चार वेळा परत पाठवलं होतं. इंग्रज बसऱ्यात उतरले तेव्हा राज्य चालवायचं सगळं सामान मुंबईहून बोटीत घालून घेऊन गेले, रुपया, तिकिटं, कारकून, पोलीस आणि कायद्याची पुस्तकंसुद्धा, हे तिनं मोठ्या आवेशात लिहिलं होतं. सरांनी समासात एवढंच विचारलं होतं: ‘आणि ते सामान उतरवून घेणारे कोण होते?’ त्या एका प्रश्नानं तिचं एक वर्ष खाल्लं, आणि त्या वर्षाबद्दल ती त्यांची जन्मभर ऋणी राहणार होती.

“माझ्या आजोबांचा एक भाऊ होता,” सर म्हणाले. “बसऱ्याजवळ शुऐबा म्हणून जागा आहे. तिथं तो घोड्यावर बसून लढायला गेला, जुनी बंदूक घेऊन. गावोगावचे लोक गेले होते. समोर इंग्रजांची फौज होती, पुण्याहून गेलेली. तो तिथं मेला.”

ज्ञानेशनं मान खाली घातली. रणजीतला त्या फ्लेक्सवर आता चादर टाकावीशी वाटत होती.

“म्हंजी...” गेनूबाबांनी फ्लेक्सकडे पाहिलं. “म्हंजी आमच्यानंच...”

“कोण जाणे. कदाचित तुमच्या, कदाचित दुसऱ्या कुणाच्या. पण पुढचं ऐका. दोन वर्षांनी माझे आजोबा, त्याचा सख्खा भाऊ, त्याच इंग्रजांच्या बंदरावर नोकरीला लागले. घरात खायला नव्हतं. मग आमच्या घरात दोघांबद्दलही बोलणं बंद झालं. मेलेल्याबद्दल बोललं की जगलेल्याला लाज वाटायची. मला हे कळलं तेव्हा मी पन्नास वर्षांचा होतो.”

गेनूबाबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. घरातली लाज म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“मंग इंग्रजाचा तर राग येत आसंल?”

“येतो की. अजून येतो. नकाशावर रेघा ओढल्या त्यांनी. राजा बाहेरून आणून बसवला त्यांनी. गावाच्या जमिनी शेखांच्या नावावर करून दिल्या, म्हणजे एका शेखाला हाताशी धरलं की हजार शेतकरी गप्प. तेलाचं तर विचारू नका.” सरांनी कढीचा घोट घेतला. “पण बाबा, मी चाळीस वर्षं शिकवलं. आमच्याकडे काही बिघडलं की सगळे म्हणतात, इंग्रजांनी केलं, परक्यांनी केलं. हे खरंही आहे. पण वर्गात तेवढंच सांगून मी घरी गेलो असतो, तर मी खोटारडा झालो असतो. माझ्या धाकट्या भावाला एका सकाळी घरातून नेलं, ते इंग्रजांनी नाही नेलं. आमच्याच सरकारच्या माणसांनी नेलं. तुरुंग इंग्रजांनी बांधलेला होता, कुलूप लावणारे हात आमचे होते. हे मी वर्गात बोललो म्हणून माझी नोकरी दोनदा गेली.”

“आन् तरी बोललात?” ज्ञानेशनं न राहवून विचारलं. तो कंपनीत वीस वर्षं होता. साहेबासमोर बोलायची किंमत त्याला ठाऊक होती.

“मुलं विचारत होती ना. मुलांनी विचारलं की मला गप्प बसता येत नाही. मग तीच मुलं, काही वर्षांपूर्वी, रस्त्यावर उतरली. शहराच्या कडेला तेलाच्या विहिरी आणि नळाला खारं पाणी. ती मुलं म्हणत होती, आम्हाला देश हवा. इंग्रज नको, हा नको, तो नको असं नाही म्हणाली. आम्हाला देश हवा. माझ्या वयाच्या माणसाला असं मागता आलं नव्हतं. मी त्यांच्याकडून शिकलो.”

“पानी तर आमचंबी गेलं,” कुशाबाई दारातून म्हणाल्या. “इंद्रायनीला फेस येतो निस्ता.”

सृष्टी सरांकडे बघत होती. पडद्यावर पाहिलेला हा माणूस घरच्या ओटीवर, झेंडूची माळ घालून, तिच्या आजोबांना आपल्या घरातलं सगळ्यात दुखरं सांगत होता, आणि त्यात कुठं भाषण नव्हतं. तिला त्यांचा अभिमान वाटला आणि आपली थोडी लाजही वाटली. आजोबांशी ती बोलली होती तेव्हा तिच्या बोलण्यात भाषणाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

“पावनं, एक इचारू?” गेनूबाबा पुढं सरकले. “तिकडं मेलेल्यांचं काय हाय का? थडगं, दगड, काय?”

“आहे. इंग्रजांनी मोठं स्मारक बांधलं होतं. पूर्वी शहराजवळ होतं, नंतर उचलून वाळवंटात नेऊन ठेवलं. मी जाऊन पाहिलंय.”

“नावं हायेत?”

सरांनी आधी सृष्टीकडे पाहिलं. सृष्टीला उत्तर माहीत होतं, आणि ते आजोबांना सांगायचं धाडस तिला झालं नव्हतं.

“साहेबांची आहेत,” सर म्हणाले. “हिंदी अंमलदारांचीही आहेत. साध्या शिपायांची नाहीत. पलटणीचं नाव आहे आणि खाली लिहिलंय, आणि इतके हिंदी शिपाई.”

“इतके म्हंजी?”

“आकडा आहे, बाबा. नुसता आकडा.”

गेनूबाबांनी धोतराचा सोगा उगाच दोनदा झटकला. शंभर वर्षं या घरानं ज्याच्यासाठी पान मांडलं, ज्याच्यापायी त्यांनी शाळेतलं हसू सोसलं, त्या माणसाला त्याच्या सरकारनं मोजून ठेवलं होतं आणि विसरून गेलं होतं. गेनूबाबांना त्या सरकारचा संताप आला.

*

जेवण संपत आलं तशी ओटीवर अस्वस्थता वाढली, कारण शेवटची रीत बाकी होती. पान संपताना यजमानानं हात जोडून पितराला म्हणायचं, काय हवं ते मागा. आणि पितरानं मागितलेलं या घरात नाकारत नाहीत. त्या वरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यानं एकदा घोंगडी मागितली होती, एकदा रणजीतचा रेडिओ. दोन्ही दिलं होतं.

रणजीत मनातल्या मनात धास्तावला. या पाहुण्यानं आता मागितलं, की फ्लेक्स काढा आणि दगडावरचे शब्द पुसा, तर संपलंच. काका नाही म्हणणार नाहीत. दिग्विजयभाऊंना तो काय सांगणार होता? सृष्टीच्याही मनात तेच होतं, फक्त उलट्या बाजूनं. सरांनी मागावं. एकदा मागावं, म्हणजे तिला आजोबांशी पुन्हा भांडावं लागणार नव्हतं.

गेनूबाबांनी हात जोडले. “काय पायजे ते मागा.”

“एक वडा,” सर म्हणाले.

सगळे हसले. कुशाबाईंनी दोन वाढले.

“त्यो वाढलाच,” गेनूबाबा हात न सोडता म्हणाले. “पर माजं इचारनं येगळं हाय. दगडावर काय लिवू? तुमी आज आज्याच्या जागी हाय. तुमी सांगा. ह्ये शब्द काढ म्हनलात तर आत्ता काढतो.”

रणजीतनं डोळे मिटले.

कामिल सरांनी मान हलवली. “ते मी सांगणार नाही, बाबा.”

“का?”

“आमच्या वेशीवर काय लिहायचं ते शंभर वर्षं दुसरेच सांगत आले. आधी लंडनचे, मग बगदादचे, मग अमेरिकेचे. प्रत्येकाला वाटायचं, तो आमच्या भल्याचंच सांगतोय. मी फार चिडायचो. आज तुमच्या वेशीवर मी तेच करू? तुमचं गाव, तुमचा आजा. जे लिहाल ते मी वाचेन, आणि वाईट वाटलं तरी पुढच्या वर्षी बोलावलंत तर जेवायला येईन.”

सृष्टीचा क्षणभर विरसच झाला. हातात आलेली गोष्ट सरांनी आपणहून सोडून दिली होती. मग तिच्या लक्षात आलं, की चाळीस वर्षं वर्गात जे बोलला तेच हा माणूस जेवणाच्या पानावर बसून करून दाखवतोय, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

गेनूबाबा उठले. फ्लेक्ससमोर जाऊन पाठीवर हात बांधून उभे राहिले. बराच वेळ ते त्या अक्षरांकडे आणि त्या उसन्या सैनिकाकडे बघत होते.

“रंज्या, त्या पाथरवटाला फोन लाव.”

रणजीतनं फोन लावला, स्पीकरवर ठेवला. पलीकडून छिन्नीचा आवाज येत होता.

“लिवून घे,” गेनूबाबा म्हणाले. “भागूजी राणोजी. मोठं लिव, लांबनं दिसलं पायजे. खाली, मुक्काम निघोजे. त्याच्या खाली लिव, इंग्रजांनी बसऱ्याला नेला. परत आला नाही.”

“बरं. पुढं?” पाथरवटानं विचारलं.

“झालं.”

“काका!” रणजीतचा जीव वरखाली झाला. “याच्यात शूर कुठं हाय? जिंकलं कुठं हाय? लोक विचारतील, यानं केलं काय?”

“बसरा जिंकला आसंल तर इंग्रजानं जिंकला. त्यानं लिवावं त्याच्या दगडावर. लिवलंयच की. आपला मानूस तेवढा लिवायचा ऱ्हायला त्याच्याकडनं.” गेनूबाबांनी रणजीतकडे तोंड वळवलं. “बायकापोरं हितं टाकून बावीस वर्साचं पोरगं तेवढ्या लांब जाऊन मेलं. त्यो शूर व्हता का न्हवता, मला काय ठावं? मी बघितला न्हाई. पर त्यो व्हता. एवढं तरी लिवू दे मला.”

ज्ञानेशनं फ्लेक्सची वरची दोरी सोडली. कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या बाजूची दोरी, थोडा वेळ डोकं खाजवून झाल्यावर, रणजीतनं सोडली.

“ओ बाबा,” फोनमधून पाथरवट ओरडला, “दगड मोठाय. खाली निम्मी जागा मोकळी ऱ्हाती. वेलबुट्टी काढू का?”

“नको. मोकळी ठेव.” गेनूबाबांनी नातीकडे पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. “आपल्या पंचक्रोशीतनं अजून कोन कोन गेलं व्हतं, तुला हुडकाया येतंय का गं?”

“येतं, बाबा,” सृष्टी म्हणाली. “वेळ लागेल. पण येतं.”

“लागू दे. घावंल तसं कोरू.”

तिनं जाऊन त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. रणजीत मात्र एव्हाना सावरला होता. पंचक्रोशीतल्या दहा भावक्यांची नावं जर कमानीवर यायची असतील, तर दहा भावक्या कमानीला येतील, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर इतका स्पष्ट उमटला की कुशाबाईंनी त्याला आत जाऊन आधी जेवून घ्यायला सांगितलं.

निघायची वेळ झाली. कामिल सर पायांत चपला सरकवत होते. गेनूबाबा त्यांना गाडीपर्यंत पोचवायला आले आणि दार उघडायच्या आधी आडवे उभे राहिले.

“पावनं, तुमी काय मागितलं न्हाई. मीच मागतो. त्या वाळवंटात परत कवा गेलात, तर त्या आकड्याम्होरं हुबं ऱ्हावा आन् त्याचं नाव घ्या. मनात नको. मोठ्यानं.”

“घेईन,” सर म्हणाले. “मुलांनाही घेऊन जाईन.”

“घिऊन दावा बरं.”

“बागूजी राणोजी.”

“बा न्हाई. भा. भागूजी.”

सरांनी दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा गेनूबाबांनी मान हलवली. मग कामिल जवाद यांनी चपला नीट जमिनीवर रोवल्या, छाती भरून श्वास घेतला आणि पलटणीत हजेरी घेतात तशी खणखणीत हाक मारली.

“भागूजी राणोजी!”

“व्हय,” गेनूबाबा बोलून गेले, आणि मग सगळ्या घरादेखत रडू लागले.